लांबून आलेलं पत्र

पोस्टात डिंकाचा वास आला की मला बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावातल्या माझ्या शेजारच्या ताई आठवतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या विनाकारण काढणाऱ्या एका डॉक्टरविरुद्ध त्या जबाब गोळा करत होत्या. दोनदा माणसं येऊन त्यांचं दार फोडून गेली, जिवे मारण्याची धमकी देऊन गेली. मग गाव त्यांच्याशी बोलेना. मी शाळेतली मास्तरीण, मीही त्यांना टाळू लागले. अशात, ताईंची बातमी कुठंतरी वाचून, मेक्सिकोहून एका अनोळखी बाईचं इंग्रजी पत्र आलं आणि ताई ते घेऊन माझ्याकडे आल्या. ‘तुम्ही एकट्या नाही. मलाही इथे धमक्या येतात,’ एवढाच मजकूर होता. ताई म्हणाल्या, “लई लांबची हाय की ती, मॅडम. काहून लिहिलं असंल मला?” त्यांनी सांगितलेलं उत्तर मी लिहिलं, त्यांनी पोस्टात जाऊन पाकिटाला डिंक लावला. महिन्याभरानं त्या बाईच्या मैत्रिणींनी कळवलं, तिला कुणीतरी घरासमोर गोळ्या घालून मारलं. ते मी ताईंना वाचून दाखवलं. ताईंनी विचारलं, “आपलं पत्र पोचलं हुतं का तिला?” मला ठाऊक नव्हतं. “पोचलं होतं,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी जबाबांचे कागद घेऊन ताई बीडच्या कोर्टात गेल्या, एकट्याच. त्या खोट्याचं मला आज काही वाटत नाही. त्यांच्यासोबत एसटीत बसले नाही, त्याचं वाटतं.