तीन शेवंत्या आणि एक तवा

आमच्या गाडीची तीन चाके उमललेल्या शेवंतीसारखी आहेत आणि चौथे तव्यासारखे आहे. चौकात गाडी थांबली की शेजारचा दुचाकीस्वार आधी शेवंतीकडे पाहतो, मग तव्याकडे, आणि शेवटी माझ्याकडे. ("सध्या अशीच पद्धत आहे," असे मी एकाला सांगून पाहिले. त्याने हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.)

वास्तविक गाडी घेतली तेव्हा तिची चारही चाके तव्याचीच होती. काळी, पत्र्याची, निरुपद्रवी. विलासरावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सीट कव्हर बदलायची होती म्हणून आम्ही गोंदियातल्या एका दुकानात गेलो. तिथे नव्या रबराच्या उग्र, गोडसर वासात, भिंतीवर ती चाके टांगलेली होती. मधोमध घट्ट कळी आणि भोवती पाऱ्यासारख्या लकाकणाऱ्या निमुळत्या पाकळ्या! मी महाविद्यालयात कविता शिकवते; पण चाक या वस्तूकडे मी तोवर कधी त्या नजरेने पाहिले नव्हते.

"सीट कव्हरवर आपण बसणार. ती दिसणार कुणाला?" मी विलासरावांना विचारले. शेवंत्या गाडीला लागल्या.

दुकानदाराने जुन्या चाकांचे बोल्ट एका कापडी पिशवीत भरून माझ्या हाती दिले आणि म्हणाला, "मॅडम, ये पुराने बोल्ट गाडी में ही रखना. नए चक्के मोटे हैं, तो उनके बोल्ट भी लंबे हैं. स्टेपनी तो पुरानी वाली है, उसमें ये ही लगेंगे."

मी मान डोलावली. कविसंमेलनात अनोळखी कवीच्या सातव्या कवितेला डोलवतात तशी. कारण त्या क्षणी मी मावळतीच्या उन्हात पाकळ्यांवर उतरलेल्या रंगासाठी शब्द शोधत होते. विलासराव फोनवर होते आणि बायको ऐकते आहे या विश्वासाने निश्चिंत होते.

पिशवी घरी आली, ओसरीवर विसावली, आणि तिथून सासूबाईंच्या नजरेस पडली.

इथे सासूबाईंचे आणि विमानांचे वैर सांगणे भाग आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी शाळा आहे आणि तिथले एखादे शिकाऊ विमान भुंग्यासारखे गुणगुणत आमच्या गच्चीवरून घिरट्या घालते. उन्हाळ्यात गच्चीवर लाखोळीच्या डाळीच्या वड्या आणि तांदळाचे पापड वाळत असतात. ते उडतात, आणि ते विमानाच्या वाऱ्यानेच उडतात, अशी सासूबाईंची अढळ श्रद्धा. एवढ्या उंचीवरून इतका वारा खाली आला, तर पापडांआधी घराचे पत्रे जातील, असे मी एकदा नम्रपणे सुचवले होते.

"मंग उडवते कोन?" त्या म्हणाल्या. "तू फुकून राहिली काय?"

तर त्या बोल्टांत सासूबाईंना आयुष्यभराच्या लढाईचे शस्त्र गवसले. मुठीत मावणारे, जड, न कलंडणारे! त्यांनी ते चिंचेने घासून लख्ख केले आणि जुन्या लुगड्याच्या काठावर ओळीने मांडले. मी ते रोज पाहत होते. सांजेच्या उन्हात ते सोन्याच्या कळ्यांसारखे चमकत. त्यांच्यावर मी दोन ओळीही लिहिल्या. ते गाडीत असायला हवेत, हे मात्र त्या दोन्ही ओळींत कुठेच नव्हते.

मग हैदराबादहून बातमी आली. नणंदेला, वर्षाला, मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला आणि विलासरावांनी आईचे आदल्या दिवशीचे विमानाचे तिकीट काढले, तेही बिरसीहूनच. ज्या विमानांना त्यांनी आयुष्यभर बोल लावले, त्यांच्यातच बसायचे! पण पहिल्या नातीचे बारसे होते. सासूबाईंनी वैर बाजूला ठेवले आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन निरोप घेतला. दोन घरी दोनदा. हे विमान चुकले तर बारसे चुकणार, एवढेच त्यांना पक्के ठाऊक होते. दुसरी कोणतीही गाडी त्यांना वेळेत पोचवणार नव्हती.

पंधरा किलोंच्या वर सामान नेता येत नाही, म्हणून बॅग मी स्वतः तोलली. लोखंडी खलबत्ता काढून ठेवला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. वयपरत्वे माणूस शांत होत जाते, असे मला वाटले. (मी किती चुकीच्या गोष्टींत काव्य पाहते, याचा हा आणखी एक पुरावा होता.)

गोंदिया मागे पडले. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाच्या हिरव्यागार बांध्या, म्हणजे खाचरे, पाण्यावर उतरलेले आभाळ, आणि काचेतून आत येणारा मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड दरवळ. गाडी मी चालवत होते. एवढ्यात मागून धपधप आवाज आला आणि डावीकडची मागची शेवंती कोमेजली. पंक्चर.

विलासराव प्रसन्न चित्ताने उतरले. आईला त्यांनी रस्त्याकाठच्या मोहाच्या सावलीत बसवले, हातात पाण्याची बाटली दिली, बाह्या सरसावल्या. शेवंती उतरली, स्टेपनीचा तवा चढला, बोल्ट आवळले गेले. मी गाडी सुरू केली. आतून दळताना जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही. मागे घेऊन पाहिली. तसेच. विलासरावांनी पुन्हा जॅक लावून चाक हाताने फिरवले. फिरेना.

त्यांनी एक बोल्ट काढून डोळ्यांसमोर धरला. मग त्याच्या लांबीकडे पाहत, अतिशय हळू आवाजात विचारले, "दुकानदार काही म्हणाला होता का गं?"

त्या क्षणी मला दुकानदाराचे वाक्य चालीसकट आठवले. जाड शेवंतीसाठी घडवलेला तो लांब बोल्ट पातळ तव्यातून आरपार जाऊन आतल्या ब्रेकला भिडत होता.

"आईला काही सांगू नको," विलासराव म्हणाले. "बीपी वाढेल."

मी सासूबाईंना जाऊन सांगितले की चाकात हवा भरणे चालू आहे.

"येवढा वेळ?"

"मोठे चाक आहे, आई."

त्यांनी मान हलवली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या. त्याही अस्वस्थ होत्या. आणि त्यांना काहीच कळलेले नाही असे धरून मी त्यांची समजूत घालत होते.

फोनला रेंज फक्त बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे उंच बांधावर, होती. एक चप्पल चिखलाला अर्पण करून मी तिथे पोचले आणि शेजारच्या भाभींना गच्चीवर पिटाळले. बोल्ट मिळाले तर कुणाला तरी मोटरसायकलवर धाडता येतील, असा बेत होता. भाभी जिना चढताना धापा टाकत होत्या. मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"दीदी, बोल्ट तो यहाँ एक भी नहीं है. सिर्फ पापड़ हैं." मग त्यांनी दुरुस्त केले, "मतलब, थे."

विलासराव घड्याळाकडे पाहीनासे झाले; ते घड्याळ पाहण्यापेक्षाही वाईट होते. त्या रस्त्याने ना रिक्षा, ना जीप. शेवटी रिकामी ट्रॉली खडखडवत एक ट्रॅक्टर आला. चालवणारा पन्नाशीचा शेतकरी होता, गळ्यात दुपट्टा. विलासरावांनी त्याला हकिकत सांगितली. त्याने ट्रॅक्टर लगेच बाजूला घेतला.

"बसवा ना मावशीले. बिरसीपावतर सोडून देतो."

सासूबाई पदर खोचून उठल्याच. विमानप्रवासासाठी नेसलेल्या नव्या पातळाचे काय होईल, असे मी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "विमानात जाऊन राहिलो म्हनून ट्रॅक्टरले नाई म्हनू काय?"

शेतकऱ्याने बॅग एका हाताने उचलली. ठेवली. दुपट्टा सावरून दोन्ही हातांनी उचलली. आतून खणखण असा स्वच्छ, धातूचा नाद आला.

"मावशी," तो म्हणाला, "लेकीकडं चालल्या का लोहाराकडं?"

आम्ही दोघांनी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी मोहाच्या झाडाकडे पाहिले.

मग त्या खाली बसल्या, बॅगेची चेन ओढली, वड्यांच्या डब्यामागून विलासरावांचा एक जुना लोकरी मोजा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मोज्यातून चिंचेने उजळलेले बोल्ट धुळीत ओघळले.

"वर्षीचं घर दहाव्या माळ्यावर हाये. गॅलरीत गजब हवा रायते म्हनते. तिथं वड्या घालायच्या, त उडतीन ना." त्यांचा आवाज बारीक झाला. "तू खलबत्ता काढला. हे बी काढशीन म्हनून बोललो नाई. अना मंग चाक बसलं. मले वाटलं, माह्याच वजनानं बसलं."

म्हणजे तो सगळा वेळ ही बाई झाडाखाली बसून, आपल्या वड्यांच्या हौसेने नातीचे बारसे बुडवले, असा स्वतःवर ठपका ठेवत होती! आम्ही त्यांच्यापासून बोल्टांची अडचण लपवत होतो आणि त्या आमच्यापासून बोल्ट. आणि आम्हाला हवे होते ते हेच बोल्ट. मी त्यांना जवळ घेतले. अंगाला मोहाचा आणि लाखोळीचा वास होता. "आई, तुमच्या वजनानेच आता गाडी चालणार आहे," मी म्हणाले. शेतकरी दुपट्ट्यात तोंड लपवून हसत होता, पण पाना त्यानेच विलासरावांच्या हाती दिला.

त्यांतले चार बोल्ट तव्याला बसले. चाक फिरले, जणू कधी अडलेच नव्हते. मी सासूबाईंना दारापाशी नेले, तर त्या पाऊल उचलेनात.

"चार घेतले. बाकीचे वड्यांले लागतीन. मंग माह्या पापडाच्या चार कोन्याले काय ठेवू?"

आता घाईत माणूस काय करते? चाकापाशी ते चार लांब बोल्ट पडलेले होते. मी उचलले, पुसले, मोज्यात घातले. सासूबाईंनी मोजा तळहातावर तोलून पाहिला. "हे बेस हायेत," त्या म्हणाल्या. "जास्त भारी."

आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद होतच होते. बॅग काट्यावर चढली. आकड्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. काउंटरवरच्या मुलीने आकडा पाहिला, मग नव्या पातळावर बसलेली रस्त्याकाठची धूळ पाहिली, मग सासूबाईंचे जोडलेले हात पाहिले, आणि पट्टी बांधून बॅग पुढे ढकलली. कुंपणापाशी उभे राहून आम्ही ते विमान धानावरून वर चढताना पाहिले. वाराही फारसा सुटला नाही. (भाभींचा फोन मात्र आला: उरलेले पापडही गेले.)

दुसऱ्या दिवशी बारसे थाटात झाले. त्याच दिवशी माझी शेवंतीही दुरुस्त झाली. पंक्चरवाल्याने ती गाडीला लावली, हात पुढे केला आणि म्हणाला, "बोल्ट?"

विलासराव माझ्याकडे पाहत राहिले. मावळतीचा रंग शोधणारी बायको कशी दिसते, हे पाहावे तसे.

मी हैदराबादला फोन लावला. सासूबाईंच्या मांडीवर नात होती आणि गॅलरीत वड्या होत्या. "वाळल्या की धाडतो," त्या म्हणाल्या. वड्या वाळल्या. मग पापड सुरू झाले. आता कुरडयांचे चालले आहे, आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांनीही पीठ भिजवले आहे, असे कळते. दुकानदार सुटे चार बोल्ट देत नाही. पूर्ण संच घ्या म्हणतो. विलासराव म्हणतात, त्यापेक्षा सीट कव्हर घेऊ.

तेव्हा गाडी तीन शेवंत्यांवर आणि एका तव्यावर चालते आहे. मी आजवर कधी विमानात बसलेले नाही. माझे बोल्ट बसून आले. नाही, आले कुठे? गेलेच!