ब्लूबेरीवाला आमदार

माझ्या नवऱ्याने इथली, अमेरिकेतल्या रेडमंडमधली नोकरी सोडून शेती करायचं ठरवलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "कढीपत्त्याचं एक रोप तरी तुझ्या हातून जगलंय का?"

ब्लूबेरी मात्र जगली. त्रास होता तो जास्तीच्या पाण्याचा. हिवाळाभर पाऊस, आणि शेताकडेचा चर गाळाने भरलेला. त्या चरात सॅमन मासे येतात, म्हणून तो उपसायला सरकारी परवानगी लागते, आणि ती काही मिळत नव्हती. हा शेतकऱ्यांच्या प्रत्येक मीटिंगला जाऊन तेच तेच बोलायचा. शेवटी शेजारची डेअरीवाली आजी वैतागून म्हणाली, "इथे ओरडून काय होणार? तूच उभा राहा ना निवडणुकीला!"

ती बिचारी गमतीत बोलली असावी. याने मनावर घेतलं.

मग शनिवार-रविवार आम्ही दारोदार. एका घरी म्हातारे गृहस्थ दारातूनच म्हणाले, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही."

"मी विकायला नाही आलो, निवडणुकीला उभा आहे."

"मग तर नकोच."

तेवढ्यात याची नजर त्यांच्या सफरचंदाच्या झाडावर गेली. थोड्या वेळाने दोघं मिळून फांद्या छाटत होते आणि मी छत्री धरून अंगणात उभी. मत मागायचं राहूनच गेलं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "हरायचंच ठरवलंयस का?"

"अगं, कटिंग पार चुकलं होतं यार त्यांचं!"

तरीही तो निवडून आला. सासूबाईंनी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "लाल दिव्याची गाडी दिली का रे?"

"नाही गं आई, ट्रॅक्टरच आहे."

विधिमंडळात त्याने पहिलं बिल आणलं ते अर्थात चराचं. समितीपुढची सुनावणी मी घरी लॅपटॉपवर बघत होते. त्याच्यानंतर मासेमारी करणाऱ्या एक बाई बोलल्या. उन्हाळ्याआधी चर उपसला तर माशांची पिल्लं मरतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आता हा वाद घालणार, म्हणून मी डोक्याला हात लावला. घरी तो भाजीच्या मिठावरूनसुद्धा हार मानत नाही. पण तो समोरच्या कागदावर टिपून घेत म्हणाला, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बिल बदलू या."

बदललेलं बिल पास झालं. आता परवानगी लवकर मिळते, पण चर उन्हाळ्यातच उपसायचा.

त्या दिवशी सुनावणीनंतर त्याचा फोन आला. "कसा बोललो?"

त्याचं ते 'बिल बदलू या' मी लॅपटॉपवर तिसऱ्यांदा ऐकत होते. म्हटलं, "टाय वाकडा होता."