वेशीतून गेलेली लाइन

पुरुषांनी भरलेल्या म्युनिसिपल कमिटीत कधी एकटी बाई म्हणून बसलात का हो? मी बसले, नागपूरच्या सरकारनं नेमलं म्हणून. तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत, कापसाच्या जिनातल्या सरकीसारखे पायाशी साचतात!

त्या वर्षी एकच वाद होता. खामगावला कापूस नेणारा रस्ता रुंद करायचा, म्हणून गावाची जुनी दगडी वेस पाडायची. मी हट्ट धरला, नियम करा! वेस असो की बारव, गावाला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

*

अध्यक्ष वकील भाऊसाहेब म्हणाले, "बाई, वेशीतून मोटर जात नाही!"

"गावात मोटरी किती?"

"एक."

"कुणाची?"

भाऊसाहेबांनी पुढचा विषय घेतला.

*

ओव्हरसियरनं चुन्याची फक्की टाकून रस्त्याची लाइन आखली. सरळ माणूस, नाकासमोर आखत गेला. वेशीतून निघालेली लाइन थेट भाऊसाहेबांच्या ओट्यावर चढली! संध्याकाळपर्यंत तिथं तिला छान वाक आला.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, "लाइन वाकते होय? मग वेशीपाशीही वाकवा!"

"तो टेक्निकल प्रश्न आहे," ओव्हरसियर टेबलाकडे बघत म्हणाला.

*

मग वेशीवर नोटीस लागली. 'इमारत धोकादायक. खाली बसू नये.' दुसऱ्याच दिवशी आमच्या आळीतल्या बाया सुपं घेऊन वेशीखाली डाळ निवडायला बसल्या. मीही बसले.

ओव्हरसियर धावत आला. "नोटीस वाचली नाही का?"

गंगूबाई म्हणाली, "आमाले कुठं वाचता येते बापा? तूच वाचून दाखव. पन उन्हात काऊन उभा? ये, सावलीत बस."

तो बसला, आणि सगळी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली!

*

पोळा आला. आमच्याकडे तोरण वेशीला बांधतात आणि भाऊसाहेबांची मानाची जोडी खालून गेल्याशिवाय कुणाचा बैल हलत नाही. वेशीवाचून अडत नाही हे दाखवायला भाऊसाहेबांनी मैदानात दोन बांबू रोवून त्यांना तोरण बांधलं. आम्ही बायांनी वेशीला दुसरं बांधलं.

त्यांचा सालदार गडी सखाराम मानाची जोडी घेऊन आला. बांबूंकडे पाहिलं, आणि कासरा वेशीकडे वळवला. मागं सगळं गाव!

भाऊसाहेब ओरडले, "सखाराम, बैल कोणाचे बे?"

"बैल तुमचेच हायेत, मालक. पन वेस गावाची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी भरली आणि माझा नियम मंजूर झाला. ठराव भाऊसाहेबांनी मांडला.