नम्रतेचं पाणी दुसऱ्या मजल्यावर

आमच्या घरात नम्रतेवरून एकदाच भांडण झालं आणि ते मी लावलं.

त्याआधीचं भांडण करंज्यांवरून होतं. नाताळच्या फराळात आईने एस्तेर आत्याच्या करंज्या चिवड्याच्या डब्यामागे ठेवल्या. (आईच्या मते टेबलावर जागा नव्हती. आत्याच्या मते आईच्या करंज्यांना मात्र ती बरोबर सापडली!) तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. ईस्टरच्या जेवणाला येणार नाही, असं आत्याने कळवलं, तेव्हा बाबांचा चेहरा पडला. त्यांना ही एकच बहीण.

"तू कॉलेजला जातेस ना? मग काहीतरी कर की," ते मला म्हणाले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे गिझर बिघडला तरी मलाच विचारतात.

संधी आली ती ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्या चर्चची मंडळी त्या दिवशी कोणाच्या तरी घरी जमते आणि एकमेकांचे पाय धुते. यंदा पाळी आमच्या नाहूरच्या घराची होती. त्यामुळे आत्यालाही यावं लागलं. पाळकसाहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितले.

"नम्र माणसाशी कोणी भांडू शकत नाही," मी चाचरत म्हणाले. "म्हणून, म्हणजे मला असं वाटतं, जी स्वतःला लहान समजते तिने उठून दुसरीचे पाय धुवावेत."

आई आणि आत्या एकदम उठल्या. माझे डोळे भरून आले.

"बसा ताई, मी धुते. मी लहान," आई म्हणाली. नाताळनंतरचं पहिलं वाक्य!

"तू कसली लहान गं रूथ? या घरात चालतं कोणाचं? तू बस."

"अहो, नणदेकडून पाय धुवून घेऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणजे लोकांसाठी धुतेयस होय!"

"आणि तुम्ही? सगळी मंडळी बघतेय म्हणूनच वाकलात ना?"

पाय धुवायला भरून ठेवलेल्या टबाची एक कड आईच्या हातात, दुसरी आत्याच्या. "भगिनींनो..." म्हणत पाळकसाहेब मध्ये पडले आणि टब कलंडला. त्यांचे पाय तेवढे धुतले गेले. मोज्यांसकट! बाकीचं पाणी उघड्या दारातून जिन्याने खाली गेलं. खाली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात, सावंतकाकूंनी उडदाचे पापड वाळत घातले होते.

वाट लागली! काकू मालवणच्या. कुंडीतलं पाणी ठिबकलं म्हणून त्यांनी मागे अख्खी सोसायटी गोळा केली होती.

"कोणी केल्यान ह्यां? माझे पापड पोवाक लागले!" पोहणाऱ्या पापडांकडे बोट दाखवत काकू वर आल्या.

"चूक माझी, काकू," आई म्हणाली.

"तिचं ऐकू नका. टब मी ओढला," आत्या म्हणाली.

"तुम्ही ओढलात, पण सोडला मी!"

"रूथ, प्रत्येक गोष्टीत पुढे पुढे करू नकोस!"

काकू कमरेवर हात ठेवून तयारीत होत्या. पण भांडायचं कोणाशी? शेवटी त्यांनाच हसू फुटलं. "अगो, दोघींचीय चूक! शनवारी येवा आणि पापड लाटून देवा."

आईने आत्याकडे पाहिलं, आत्याने पाळकसाहेबांच्या मोज्यांकडे, आणि दोघी खळखळून हसल्या. शनिवारी शेजारी शेजारी बसून त्यांनी पापड लाटले. रविवारी आत्या करंज्या घेऊन जेवायला आली. आई डबा पुढे सरकवायची, आत्या मागे. बाबा मधल्या मध्ये खात होते.

पण त्या गुरुवारी, सगळे चहा पीत असताना आत्याने मला गाठलंच. "काय गं, आम्हाला शहाणपण शिकवलंस. तू कोणाचे पाय धुतलेस?"

तिने माझ्या हातात फडकं दिलं. गुडघे टेकून मी अख्खा जिना पुसला, तळमजल्यापर्यंत. एवढी नम्रता त्या दिवशी दुसऱ्या कोणीही दाखवली नाही. हे मी भेटेल त्याला सांगते!