दुपारी तीनचा आकडा

तुम्हांला पत्र लिहायचं तर मायन्यापासूनच पंचाईत. 'श्री.' लिहून पुढे नाव घातलं तर तुम्ही पाकीट फोडणारच नाही, कंपनीकडून आणखी काहीतरी आलं असं समजून फळीवर ठेवून द्याल. इमारतीत सगळे तुम्हांला 'तीनदा' म्हणायचे, अर्थात पाठीमागे, आणि तुम्हांला ते पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मीही तेच म्हणते. तीनदा, तुमच्याविषयी इथे अजून दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, तुम्ही कंप्रेसर जाळलात. दुसरी, बिचारा फार प्रामाणिक होता. दोन्ही ऐकून माझं डोकं उठतं. 'बिचारा' म्हटलं की माणसाची फाईल बंद करायला लोक मोकळे. म्हणून तुमची हकीगत एकदाची सरळ लिहून काढते. तुमच्याशी बोलत लिहिली तर मध्येमध्ये माझीच सारवासारव शिरेल, म्हणून इथून पुढे तुम्ही 'तो' व्हा. राग मानू नका. गोष्टीतल्या माणसाला अहोजाहो करत बसलं की तो जागचा हलत नाही.

तर तीनदा हा एअर कंडिशनरचा मेकॅनिक. आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर चार मोठ्या मशीन आहेत, आडव्या पाडलेल्या कपाटांएवढ्या. तळाला फर्निचरचं दुकान, वर दातांचा दवाखाना, त्यावर विम्याची कचेरी आणि सगळ्यांत वर अभ्यासिका. प्रत्येक मजल्याला एक मशीन. देखभालीचं काम एका कंपनीकडे आणि कंपनीच्या वतीने सत्तावीस वर्षं हा माणूस. गच्चीचा जिना अभ्यासिकेच्या आतून जातो आणि अभ्यासिका मी सांभाळते, त्यामुळे वर जाताना त्याला माझ्या टेबलावरून जावंच लागायचं. चप्पल बाहेर काढून, मीटरची पिशवी छातीशी धरून, मुलांचा अभ्यास मोडू नये म्हणून चवड्यांवर. साठीच्या जवळ आलेला माणूस चवड्यांवर चालताना जरा विनोदीच दिसतो.

त्याला ते नाव कशामुळे पडलं ते सांगितलं पाहिजे. या मशीनना तीन तारांमधून वीज येते. मेकॅनिक त्यांना फेज म्हणतात. तिन्हींचा दाब साधारण सारखा हवा. एखादी तार कमी पडली की उरलेल्या दोघींवर भार येतो, कंप्रेसरची मोटार आतून तापत जाते आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. तर तीनदा हा दाब, म्हणजे व्होल्टेज, तीनदा मोजायचा. मशीन सुरू करण्याआधी एकदा, सुरू होताना एकदा आणि पुरा भार येऊन पंधरा मिनिटं झाली की पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी तिन्ही तारा एकमेकींशी लावून बघायचा. बाकीचे मेकॅनिक एकदा मीटर टेकवून "आहे की" म्हणून खाली येतात. ह्याचं मोजणं संपेपर्यंत वॉचमनची एक झोप काढून व्हायची. वॉचमन तर त्याला जिन्यात बघितलं की म्हणायचा, "आले, आता संध्याकाळचंच बोला."

ही सवय त्याला हौसेने लागलेली नव्हती. विशीत असताना एका कारखान्याच्या गच्चीवर उस्तादाच्या हाताखाली त्याने एक मशीन तपासली होती. तिसऱ्या तारेचा फ्यूज उडालेला होता. पण मोटार चालूच होती, आणि तिसऱ्या तारेचं व्होल्टेज मोटारीच्या वेटोळ्यांतून फिरून मीटरवर दिसत होतं, खऱ्यासारखं. ह्याने आकडा बघितला आणि ओरडून सांगितलं, सगळं ठीक आहे. त्या भरवशावर उस्ताद झाकण उघडायला वाकला. तापलेल्या कंप्रेसरचं टर्मिनल, म्हणजे तारा जोडायची खुंटी, उडालं आणि उकळतं तेल उस्तादाच्या उजव्या हातावर आलं. तो हात पुन्हा कधी मिटला नाही. उस्ताद ह्याला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तीनदा म्हणायचा.

घरीही तेच. इस्त्री लावण्याआधी प्लगमध्ये मीटर घालणार. बायको टेलरिंग करते. तिची शिलाई मशीन विजेची, आणि नवऱ्याने दिवसातून दोनदा तिथे मीटर घालायचं म्हणजे तिचं काम खोळंबणार. "अहो, आता माझंच तेवढं मोजायचं राहिलंय," ती म्हणायची. त्यावर ह्याचं ठरलेलं उत्तर, "तुझं मोजायला मीटर पुरत नाही." मूलबाळ नाही. दोघांत एक खोली, एक स्वयंपाकघर आणि तिच्या शिवणाच्या चिंध्या. त्या चिंध्यांनीच तो मीटर पुसायचा. ह्या घरात त्याला कुणी तीनदा म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात चार नंबरची मशीन, म्हणजे आमच्या अभ्यासिकेची, रोज दुपारी अडीचच्या सुमाराला आपोआप बंद पडायला लागली. मशीनच्या पॅनलमध्ये एक डबी असते, प्रिव्हेंटर म्हणतात तिला. एखादी तार फार कमी पडली की ही डबी मशीन बंद करते. ती आपलं काम करत होती. तीनदा चार दिवस लागोपाठ दुपारी येऊन तळपत्या गच्चीवर पंचा डोक्याला गुंडाळून बसला आणि त्याने वहीत आकडे लिहिले. सकाळी दहाला चारशे चौदा, चारशे तेरा, चारशे पंधरा. दुपारी तीनला चारशे बारा, तीनशे एकाहत्तर, तीनशे अठ्ठ्याहत्तर. दोष मशीनचा नव्हता. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच एक तार दुपारी लंगडी यायची, कारण दुपारी अख्ख्या रस्त्यावरच्या मशीन एकदम चालू.

त्याने इमारतीच्या मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरने वीज कचेरीला कळवलं. त्यांचा माणूस आला तो साडेदहाला. मोजलं, उत्तम भरलं, सही करून गेला. तीनदाने पुन्हा निरोप धाडला की दुपारी तीनला या. पुन्हा साडेदहाला आला. तिसऱ्या वेळी तीनदाने त्याला जिन्यातच गाठलं, तर तो म्हणाला की तीनला आमचं जेवण नुकतं उरकलेलं असतं, तेव्हा खांबावर चढलो तर पोटात ढवळतं. सगळे हसले. तीनदाही हसला, असं वॉचमन सांगतो.

आता पुढचं. अभ्यासिकेत तेव्हा बावन्न मुलं परीक्षेला बसायची होती. वर तापलेली गच्ची, खाली मुलं, खिडक्या आवाजामुळे बंद. अडीचला मशीन बंद पडली की तीनला एकेकाचं डोकं टेबलावर. एक मुलगी घेरी येऊन पडली. तेव्हा मॅनेजरला तक्रार केली ती मी. लेखी केली. चांगली दीड पानाची, मुद्दे घालून. देखभाल करणारा माणूस रोज येतो, तासन्‌तास गच्चीवर बसतो आणि मशीन चालत नाही, असं त्यात वाक्य होतं. ते अजून मला तोंडपाठ आहे.

मॅनेजरने तो कागद कंपनीला दाखवला आणि कंपनीने तीनदाला. आज दुपारी मशीन चालली पाहिजे, नाहीतर उद्यापासून तिथे दुसरा माणूस जाईल, एवढंच त्याला सांगण्यात आलं. म्हणजे कसं, हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. प्रिव्हेंटरला वळसा घालून एक वायर जोडली की मशीन बंद पडत नाही, हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं. निम्म्या गावात तशा वायरी असतील. दोन पिळे मारलेल्या, मळकट, कुणी घातल्या ते कुणालाच माहीत नसतं. सत्तावीस वर्षांत ह्याने एकदाही घातली नव्हती.

त्या दिवशी घातली. पण घातली ती आपल्या पद्धतीने. मापाने कापलेली, दोन्ही टोकांना टोप्या बसवलेली, नीट वळवून बांधलेली. आणि तिला एक चिठ्ठी अडकवली, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून: 'तात्पुरती जोडणी. संध्याकाळी सहाला काढणे.' खाली तारीख, वेळ, सही. पुढच्या माणसाला कळावं म्हणून. उस्तादाच्या हातापासून शिकलेला धडा तो हाच, की पुढचा माणूस झाकण उघडणार आहे.

मग तो मशीनपाशीच बसून राहिला. तारेला चिमट्याचं मीटर लावून दर दहा मिनिटांनी करंट बघायचा. तीन तारांपैकी एकीचा करंट वर चढत होता. फार वर गेला की मशीन हातानेच बंद करायची, असं त्याने ठरवलं होतं. खाली बावन्न मुलं गारव्यात बसली होती. मी वर जाऊन त्याला म्हटलं, "बघा, मनात आणलं की होतं." त्याने चिमट्यावरचा आकडा वहीत उतरवला.

साडेचारला कंपनीचा फोन आला. दुसऱ्या इमारतीत मशीनमधून पाणी गळतंय, ताबडतोब निघा. त्याने सांगितलं, इथून हलता येत नाही. पलीकडून विचारलं, मशीन चालतेय ना? चालतेय. मग काय तिच्याकडे बघत बसलाय? तो गेला. जाताना वॉचमनला सांगून गेला की सहाच्या आत येतो. पाच वाजून दहा मिनिटांनी अभ्यासिकेत जळका वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंपनीचा इंजिनिअर आला. दहालाच. त्याने मीटर लावलं, तिन्ही आकडे मोठ्याने वाचले, मॅनेजरला दाखवले. मग पॅनलमध्ये हात घालून ती वायर बोटाने उचलली.

"ही कुणी घातली?"

"चिठ्ठी आहे तिला," तीनदा म्हणाला.

"वाचली. म्हणजे तुम्हीच."

"हो. पण साहेब, व्होल्टेज तीनला मोजा."

"आत्ता मोजलं की. उत्तम आहे."

"आत्ता उत्तमच असतं. आत्ता मीही उत्तम आहे."

मॅनेजर खुदकन हसला. त्याच्याच हसण्याने विषय संपला असावा. तीनदाने वही पुढे केली. इंजिनिअरने ती चाळलीही, पण ज्याच्यावर ठपका त्याच्याच हातचे आकडे पुरावा म्हणून कोण घेतो? मी दारात उभी होते. तक्रार माझी होती, आणि त्यातलं ते वाक्य चुकीचं आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं. बोलले नाही. मला विजेतलं काय कळतं, असं मनाशी म्हटलं. ते खरं होतं आणि फार सोयीचंही.

कंपनीने त्याला काढलं. गच्चीवर यायची बंदी केली. पुढचं त्याच्या बायकोकडून कळलं. ती माझ्या ओळखीची नव्हती. एक दिवस आपण होऊन आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, नोकरीचं काही नाही हो, मी शिवते, दोघांचं चालतं. पण घरातला दिवा गेला तर हे हात लावत नाहीत. परवा शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावून बल्ब बदलून घेतला. इस्त्री आता बिनमोजता लावतात, म्हणजे मीच लावते. "ते मोजायचे तेव्हा माझा जीव खायचे," ती म्हणाली, "आता खोलीत कुणी आहे असं वाटत नाही."

त्यानंतर महिन्याभराने तो स्वतः आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चप्पल बाहेर. गच्चीची एक किल्ली त्याच्याकडे राहून गेली होती, ती द्यायला. वर नवीन मशीन बसली होती आणि छतातून तिची घरघर येत होती. तो जरा वेळ वर बघत उभा राहिला. म्हणाला, नवी आहे, दोन-तीन वर्षं सोसेल. मग खिशातून एक कागद काढला. पट्टीने आखलेला. 'दुपारी ३ ते ३.३०. चारही मशीन चालू असताना.' खाली तीन ओळी, प्रत्येकीत दोन तारांची जोडी लिहिलेली आणि समोर मोकळी जागा.

"बाई, नवीन मेकॅनिककडून एवढं भरून घ्याल? कंपनीला द्यायचं नाही. कुणालाच दाखवायचं नाही. मला पाहिजे."

मी म्हटलं, तुमच्या वहीत हे सगळं आहे की.

"वहीवर माझा विश्वास राहिलेला नाही," तो म्हणाला. "रात्रंदिवस वाटतं, मीटर म्हातारं झालं होतं, किंवा मी. उन्हात बसून बसून दिसलं असेल काहीतरी. एकदा चुकलो होतो मागे. दुसऱ्याच्या हातचा एक आकडा मिळाला की कळेल."

मी कागद ठेवून घेतला. सोमवारी करते, म्हटलं.

नवीन मेकॅनिक सकाळी दहाला येतो, सव्वादहाला जातो. त्याला सांगितलं, तर म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. त्याच्या पुढच्या खेपेला त्याच्या पायात बूट होते आणि घाई होती, आणि मला पुन्हा सांगायचा कंटाळा आला. खरं कारण हेच आहे, दुसरं शोधायला जाऊ नका. दुपारी त्याला मुद्दाम बोलावून घेता आलं असतं. एक फोन करायचा होता. तीन महिने गेले.

परवा सकाळी कोपऱ्यावर क्रेन आली आणि वीज कचेरीच्या लोकांनी जुना ट्रान्सफॉर्मर काढून लॉरीत घातला. मी खाली जाऊन त्यांना विचारलं, का बदलताय. एक जण म्हणाला, रस्त्यावर नव्या इमारती झाल्या, मोठा बसवायचा. मी विचारलं, ह्याचा एखादा फेज दुपारी कमी पडायचा का? तो म्हणाला, आजी, आमचं काम बदलायचं, विचारायचं नाही. दुपारपर्यंत नवा बसला.

संध्याकाळी तीनदाच्या बायकोचा फोन आला, मी तिच्याकडे शिवायला टाकलेल्या परकराबद्दल. शेवटी ती म्हणाली की ते काही विचारत नाहीत, पण तुम्हांला फोन लावतेय म्हटल्यावर शेजारी येऊन उभे राहिलेत. परकर शनिवारी न्यायला येते, असं सांगून मी फोन ठेवला. आता तीनला मोजलं तर तिन्ही आकडे सारखेच भरतील, आणि ते ह्या नव्या ट्रान्सफॉर्मरचे असतील. कागद मी भरून घेतला नाही.