गाव कंचं?

आबा पेशंटला आधी नाव विचारत नसत, गाव विचारत. सांगलीच्या माझ्या दवाखान्यात एखादा माणूस मुंडाशानं जबडा बांधून पायरी चढला की दाराजवळच्या बाकावरून आबा उठायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "गाव कंचं?" दात कुठला दुखतो, किती दिवस दुखतो, हे सगळं मागाहून. मला ह्या सवयीचा विलक्षण राग यायचा. अहो, दवाखाना आहे की सोयरीक जमवायची बैठक?

खरं सांगायचं तर राग सवयीचा नव्हताच. मला आबांचा हेवा वाटायचा. जळायचो मी त्यांच्यावर. आता म्हातारपणी हे बोलून दाखवायला लाज वाटत नाही, पण त्या वेळी आरशासमोर उभा राहूनसुद्धा मी ते कबूल केलं नसतं.

दुसरी लढाई चालू होती. मी मुंबईहून दातांचा डॉक्टर होऊन नुकताच आलो होतो आणि सांगलीतला एक चांगला चालता दवाखाना मला आयता मिळाला होता. तिथल्या थोरल्या डॉक्टरांची नजर गेली, म्हणून ते पुण्याला मुलाकडे राहायला निघाले. जाताना त्यांनी मला खुर्ची दाखवली, चिमटे दाखवले, कपाटं दाखवली आणि शेवटी आबांकडे बोट करून म्हणाले, "हे बाकीचं मोडलं तर नवं आणता येईल. ह्यांना मात्र जप." मला वाटलं, म्हातारा निरोपाच्या वेळी हळवा झालाय.

आबांचं काम काय, तर डोकं धरणं. लढाईमुळे भुलीची औषधं मिळेनाशी झाली होती. खुर्ची जुनी, मान टेकायला धड जागा नाही. तेव्हा पेशंटच्या मागे उभं राहून त्याचं डोकं पोटाशी धरून ठेवायला माणूस लागायचाच. आबा कुंडलचे. पहिल्या लढाईत पलटणीच्या इस्पितळात होते, पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. साठीला टेकलेला बुटका, रुंद माणूस, हात फावड्याएवढे. पण ते हात कपाळावर आले की पेशंटचा आवळलेला जबडा सैल पडायचा. मग आबा मान खाली घालून त्याच्या टाळूपाशी काहीतरी पुटपुटत राहायचे. समोरून मला नुसते ओठ हललेले दिसत, ऐकू काही येत नसे. दात निघायचा, पेशंट चूळ भरायचा आणि मागे वळून म्हणायचा, "आबा, दात कवा निघाला कळलंच न्हाई बगा!"

घ्या! दात मी काढला. घाम मला फुटला. मुंबईत उपाशीतापाशी शिकलो मी. आणि वानवळा यायचा तो आबांना. कुणी कोवळी वांगी आणायचा, कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी गुळाची ढेप. मला लांबून नमस्कार. आबा त्यातली निम्मी वांगी माझ्या घरी पाठवायचे. ती भाजी माझ्या घशाखाली उतरत नसे.

एकदा आबा उसाला पाणी पाजायला गावी गेले होते. हळदीचे एक जैन व्यापारी आले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. गाल टम्म सुजलेला, डोळा निम्मा मिटलेला. बाक रिकामा पाहून ते दारातच थांबले.

"आबा न्हाईत?"

"नाहीत. या, बसा खुर्चीवर."

"मग मी बेस्तरवारी येतो."

"अहो अण्णा, डॉक्टर मी आहे!"

"व्हय की. तुमी डॉक्टर हायसाच, न्हाई कोन म्हनतंय? पर धरायला आबा न्हाईत न्हवं," असं म्हणून अण्णा तसेच गाल धरून पायऱ्या उतरून गेले. तो सुजलेला गाल पुढे तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

आणि घरचा आहेर तर त्याहून मोठा. माझ्या बायकोची, कमलची, दाढ किडली. मी जीव ओतून काढली. एवढ्या सफाईनं मी आयुष्यात दुसरी दाढ काढली नसेल. ती उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हसरा. मी विचारलं, "दुखलं का गं फार?" तर म्हणते, "छे! आबा किती छान धरतात हो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ते तुझ्या डोक्यापाशी काय पुटपुटत होते?" मी विचारलं.

"तुम्हीच विचारा की त्यांना."

मी विचारू? मी? मेलो असतो तरी विचारलं नसतं. आणि विचारायचं कशाला, मला ठाऊकच होतं. 'घाबरू नका, सायेब नवं हायती, पर मी हाय न्हवं मागं', असंच काहीतरी आबा सांगत असणार. माझ्याच खुर्चीमागे उभं राहून हा माणूस माझा कच्चेपणा पेशंटच्या डोक्यात भरवतोय, ह्या विचारानं मला घास गोड लागेना.

मग एका बाजारच्या दिवशी व्हायचं ते झालं. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. खुर्चीत शिराळ्याकडचा एक शेतकरी, दाढेचं मूळ वाकडं, माझा चिमटा दोनदा सुटलेला. आणि समोर आबांचे ओठ हलतायत. माझा तोल गेला. "आबा!" मी सगळ्यांदेखत ओरडलो, "खुर्चीमागे तोंड बंद ठेवायचं! तुमची बडबड पुरे झाली!"

आबांचे ओठ थांबले. हात होते तिथेच होते. पण खुर्चीतला माणूस एकदम ताठ झाला आणि अशी किंकाळी फोडली की बाकावरचे दोघं उठून चालते झाले. मूळ आत मोडलं. ते कोरून काढायला मला अर्धा तास लागला. तो अर्धा तास आबांनी तोंडातून शब्द काढला नाही. संध्याकाळी त्यांनी आपला अंगरखा घडी करून कपाटावर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, उद्यापास्नं मला जमायचं न्हाई."

मी म्हणालो, "ठीक आहे." मनात म्हणालो, ब्याद गेली.

त्यानंतर माझ्याकडे माणसांची जी काय वरात लागली, ती ऐका. पहिला आला तो खोवायचा नारळ धरावा तसं डोकं धरायचा. एका पहिलवानानं त्याला खुर्चीतूनच कोपर हाणलं, तो दुसऱ्या दिवसापासून दिसलाच नाही. दुसरा रक्त पाहून पेशंटच्या आधी खाली बसायचा. तिसरा खरोखर चांगला होता. बाकावरची गर्दी सांभाळायचा, हत्यारं उकळायचा, धरायचाही बरं. तो दीड महिन्यात पलटणीत भरती झाला. लढाईनं धडधाकट माणूस गावात शिल्लक ठेवला नव्हता. चौथ्याला मी स्वतः शिकवलं, आबांसारखा कपाळावर हात ठेवायला लावला. पेशंट म्हणाला, "ह्यो काय ताप बगतोय व्हय माजा?"

बघता बघता बाक रिकामा पडायला लागला. बाजारच्या दिवशी पूर्वी पायरीवर माणसं बसायची, तिथे आता शेजारच्या वाण्याची शेळी बसू लागली. थोरल्या डॉक्टरांनी आयुष्य घालून उभा केलेला दवाखाना मी वर्षाच्या आत बुडवणार, हे दिसत होतं.  

त्यातच बातमी आली की आबा साताऱ्याला आहेत. कुणाकडे, तर माझ्याच वर्गमित्राकडे! कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झालेला गडी, आणि आता म्हणे त्याच्या दारात रांगा. आधी एकाचा हेवा करत होतो, आता दोघांचा करायचा. मी तोही मन लावून केला.

पण देवाच्या मनात वेगळंच होतं. माझीच अक्कलदाढ उठली. तोंड उघडेना, गिळता येईना. सांगलीत दुसऱ्या दातवाल्याकडे गेलो असतो तर गावभर शोभा झाली असती. शेवटी कमलनं मला कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि साताऱ्याला धाडलं. ती मोटार प्रत्येक चढावर थांबायची, आणि प्रत्येक खड्ड्याला माझी दाढ मला आबांची आठवण करून द्यायची.

दाराजवळच्या बाकावर आबा बसलेलेच होते. मला पाहून उठले. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं गाव मलकापूर न्हवं का, सायेब? कराडाजवळचं? बसा."

मी खुर्चीत बसलो. वर्गमित्रानं चिमटा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्चीच्या त्या बाजूला होतो, आणि सांगायला हरकत नाही, मी पुरता घाबरलो होतो. आबांनी डोकं पोटाशी घेतलं, कपाळावर तळवा टेकवला आणि मग डोक्याच्या आत, अगदी हाडातून, मला आवाज ऐकू यायला लागला.

"निगालो सायेब. सातारा मागं ऱ्हायला. ह्ये नागठाणं आलं. रस्त्याला झाडी हाय, सावली हाय. ह्ये अतीत. आता उंब्रज. हितं च्या घिऊ का? नगं, फुडंच जाऊ. ह्यो कोयनेचा पूल, पानी लय हाय औंदा. ह्ये कराड. आता काय, आलंच. मलकापूरची शीव लागली, सायेब. तुमच्या दारात कोन उभं हाय बगा."

माझ्या दारात आई उभी होती. हातात पितळी तांब्या, पायावर पाणी घालायला. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"चूळ भर," वर्गमित्र म्हणाला. दाढ बशीत पडलेली होती.

म्हणजे हे होतं! हे पुटपुटत होते आबा. माझी निंदा नाही, नालस्ती नाही. घाबरलेल्या माणसाला ते त्याच्या गावाला पोचवत होते. आणि मी गाढव, समोर उभा राहून जळत होतो.

मागच्या पडवीत आबा हत्यारं पुसत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. तोंडात कापूस, बोलता येईना, तरी विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"बसऱ्याला," आबा म्हणाले. "तंबूत आपल्याकडची पोरं पडल्याली. औशीद न्हाई, काय न्हाई. कळ मानूस सोसतंय सायेब, पर आपून कुठं पडलोय ह्येच कळंना झालं की भितंय. मग मी वाट सांगायचो. बोटीतनं मुंबई, मुंबईतनं गाडी, गाडीतनं गाव. एकदा येक प्वार मी वाट सांगायच्या आदीच गेलं. तवापास्नं ठरवलं, कुनाला मधी सोडायचं न्हाई."

"मला का नाही सांगितलंत, आबा?"

"तुमी इचारलं कुटं?"

मी तोंडातला कापूस सारखा केला. मग तेच म्हणाले, "तुमी वरडला त्येचं मला काय न्हाई. वरडत्यात मानसं. पर त्यो शिराळ्याचा गडी. त्येला मी आष्ट्यापातूर आनला हुता. तितंच सोडला. त्येचं गाव आलंच न्हाई. त्यो वरडला, त्यो दाढंपायी न्हाई वरडला, सायेब. मला तुमच्या खुर्चीमागं फुडं हुबं ऱ्हावंना."

मी हात जोडले. खरंच जोडले. "चला परत सांगलीला."

"न्हाई. हितल्या सायबास्नी शबूद दिलाय," आबा म्हणाले आणि चिमटा पुसून दुसरा उचलला.

घरी आल्यावर मी कमलला विचारलं, "तुला कुठं नेलं होतं गं आबांनी?" तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "विट्याला," म्हणाली. "दोन वर्षं झाली होती मला माहेरी जाऊन. तुम्हाला सवड कुठे होती?" त्या रविवारी दवाखाना बंद ठेवून मी तिला विट्याला घेऊन गेलो.

दवाखाना हळूहळू सावरला. पुढे जो माणूस मिळाला, त्याला मी आधी खुर्चीत बसवून त्याचं डोकं स्वतः धरलं, त्याच्या गावाची वाट सांगितली, आणि मगच कामाला लावलं. तरी आबांची सर कुणाला नाही आली. आणि साताऱ्याच्या त्या रांगांचा हेवा? तो काही गेला नाही. खोटं कशाला बोलू?

लढाई संपल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आबा अचानक माझ्या पायरीवर उभे राहिले. पार वाळले होते, फावड्याएवढे हात तेवढे तसेच. साताऱ्याचं काम सोडून कुंडलला लेकाकडे येऊन राहिले होते. वरचा सुळा हलत होता. "काडून टाका सायेब," म्हणाले. "भाकरी चावंना."

नेमका माझा धरणारा माणूस चार दिवसांपूर्वी न सांगता पळालेला. मी ओशाळून म्हणालो, "आबा, आज धरायला कुणी नाही."

"न्हाई तर ऱ्हाऊ द्या. तुमी हायसा की."

मी त्यांना बसवलं. डावा हात कपाळावर ठेवला, उजव्या हातात चिमटा घेतला. गाव विचारायची गरज नव्हती. "निघालो आबा," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. "सांगली मागं राहिली. हे माधवनगर. हे नांद्रे, रान हिरवं आहे. हे वसगडे. आता भिलवडी स्टेशन, गाडी उभी आहे बघा." तेवढ्यात सुळा हातात आला. मी थांबलो.

आबांनी डोळे उघडले नाहीत. मांडीवरचा हात उचलून नुसता पुढे केला. चला.

"हे पलूस," मी म्हणालो. "आणि हे कुंडल. आलं, आबा. तुमचं गाव आलं."

तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले, चूळ भरली, मुंडासं सारखं केलं. दारापर्यंत गेले आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. उन्हाळा लागायच्या आत ते कुंडललाच वारले, आणि त्यांचं ते शेवटचं बोलणं कुणी कितीही वानवळा आणून दिला तरी मी बदलून घेणार नाही.

"सायेब," आबा म्हणाले, "दात कवा निघाला, कळलंच न्हाई बगा."