रिकाम्या खोलीतला पंखा

मंडळी, आज सासऱ्यांशी वाजलं.

कोपरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत मी मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर लेट्यूस लावलंय. तिथे ऊन येत नाही, म्हणून दिवसभर दिवा लागतो. ओल धरू नये म्हणून पंखाही लागतो. तरी पानं दमट आणि पानांखाली मावा! कारणच कळेना.

आज ऑफिसमधून लवकर आले, तर दोन्ही बंद.

"अप्पा, हे कोणी बंद केलं?"

"मीच. रोज करतो. रिकाम्या खोलीत कशाला गं?"

"रिकामी कुठे? झाडं राहतात तिथे!"

बटणांवर चिकटपट्टी लावली. अप्पांनी ती काढली.

मग मीच तिथे खुर्ची टाकून बसले. ही पोस्टही तिथूनच लिहितेय.

तुमच्याकडे कोणाचा हात असा बटणाकडे जातो? अप्पांना म्हणावं, खोली आता रिकामी नाही, करून दाखवा बंद!